गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी एक रविवार गोदाघाटावर काढा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण धंद्यासाठी भाड्याने जागा घेताना काय बघायचं, यावर बोललो. त्यात मी गोदाघाटावरच्या एका रविवारचा उल्लेख केला होता, पण वेळेअभावी तो अर्धाच राहिला. आज तो पूर्ण सांगतो. शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे, ते मात्र खरंच करा.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मला एका ताईंचा फोन आला. राहायला सिडकोत, मिस्टर सातपूरला कंपनीत. ताई घरी काळा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी करतात आणि ओळखीत विकतात. अन्नपदार्थ विक्रीची नोंदणीही त्यांनी काढून ठेवलेली.

"सर, गाळा बघितलाय. एक लाख डिपॉझिट, बारा हजार भाडं. सोमवारी टोकन द्यायचंय. देऊ ना?"

मी विचारलं, "पैसे कुठून आणताय?"

"भिशीचे चाळीस आहेत. साठ हजारासाठी पाटल्या तारण ठेवते."

"बरं. त्या गाळ्यासमोरून तासाभरात किती माणसं जातात?"

"भरपूर जातात, सर."

"भरपूर म्हणजे किती, ताई?"

फोनवर शांतता.

मित्रांनो, ही शांतता माझ्या ओळखीची आहे. पहिल्या धंद्याच्या वेळी मीसुद्धा एक दुकान भाड्याने घेतलं होतं. भाडं स्वस्त, रस्ता रुंद, समोर पार्किंग. अकरा महिन्यांत बंद केलं. दोन लाख चाळीस हजार गेले, त्यात वडिलांचेही होते. त्या रस्त्यावर गाड्या खूप होत्या, पण थांबणारं माणूस नव्हतं. आणि सही करण्यापूर्वी मी तिथे एक सकाळसुद्धा उभा राहिलो नव्हतो.

म्हणून ताईंना म्हटलं, "सोमवारचं टोकन सोमवारी बघू. रविवारी सकाळी पावणेसातला रविवार कारंजावर या. वही-पेन आणा."

गोदाघाटच का?

नाशिकमध्ये जुन्या माणसांच्या तोंडी गोदावरी म्हणजे गंगा. "गंगेवरून भाजी आणली" असं आजही सहज बोललं जातं. गोदाघाटावरचा मोठा आठवडे बाजार बुधवारी भरतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पण भाजीवाले तिथे रोज बसतात. रविवारी त्यात रामकुंडावर येणारे भाविक आणि सुट्टी म्हणून निवांत खरेदीला निघालेले नाशिककर यांची भर पडते. म्हणजे एकाच सकाळी, पायी फिरता येईल एवढ्या अंतरात, तीन-चार वेगवेगळ्या प्रकारची गिऱ्हाइकं बघायला मिळतात. एवढं शिक्षण फुकट दुसरीकडे कुठे मिळणार?

सोबत काय न्यायचं? वही, पेन, दोनशे रुपये सुटे आणि कापडी पिशवी. मोबाइल फक्त घड्याळासाठी.

पहिला थांबा: रामकुंड, सकाळी सात

रविवार कारंजावरून अहिल्याबाई होळकर पूल ओलांडला की तुम्ही पंचवटीत. पुलावरून खाली उतरलात की रामकुंड. थंडीच्या दिवसांतही माणसं स्नान करत असतात, कपालेश्वराच्या पायऱ्यांवर चढ-उतार सुरू असते. इथे विकायला काय आहे ते बघा. फुलांचे द्रोण, वाती, दिवे, प्रसाद, तांब्या-पितळेचे छोटे लोटे, आणि रिकामे प्लॅस्टिकचे कॅन.

रिकाम्या कॅनकडे ताईंचं लक्षच गेलं नव्हतं. मी म्हटलं, विचार करा. हा कॅन सिडकोतल्या दुकानात ठेवला तर कोणी ढुंकून बघणार नाही. पण बाहेरगावाहून आलेल्या माणसाला गंगेचं पाणी घरी न्यायचं आहे आणि हातात भांडं नाही. त्या क्षणी, त्या पायरीवर, तो कॅन त्याला हवाच असतो.

वहीत पहिली ओळ लिहा: गिऱ्हाइकाची नड कुठे आणि किती वाजता निर्माण होते?

दुसरी गोष्ट. इथलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकदाच येतं. नांदेडहून किंवा सुरतेहून आलेला माणूस पुढच्या रविवारी परत येणार नाही. म्हणून इथे भाव सांगायची पद्धत वेगळी, बोलायची पद्धत वेगळी. थोडं पुढे भाजीबाजारात गेलात की हे सगळं उलटं होतं. तिथे तेच तोंड दर आठवड्याला दिसतं. तुमच्या धंद्याचं गिऱ्हाईक यातलं कोणतं, हे ठरवल्याशिवाय भावही ठरवता येत नाही.

दुसरा थांबा: भाजीवाल्यांच्या पथाऱ्या

रामकुंडावरून नदीच्या वाहत्या दिशेने चालत राहा. नारोशंकराचं मंदिर लागेल, रामसेतू लागेल. पुढे घाटावर पथाऱ्या. गोणपाट अंथरलेलं, वर ओल्या मेथीच्या जुड्या, वाटाण्याचे ढीग, गाजरं, बोरं.

आता खरेदी करायची नाही. एक पथारी निवडा, सात-आठ पावलांवर आडोशाला उभे राहा आणि पंधरा मिनिटं मोजा. वहीत तीन रकाने करा: समोरून किती गेले, किती जणांनी भाव विचारला, किती जणांनी घेतलं. प्रत्येक माणसाला एक रेघ, पाचवी रेघ आडवी.

आम्ही एका मावशींच्या पथारीसमोर मोजलं. पंधरा मिनिटांत ६४ माणसं गेली, ११ जणांनी भाव विचारला, ७ जणांनी घेतलं. ताई म्हणाल्या, "म्हणजे तासाला अठ्ठावीस गिऱ्हाइकं!"

थांबा. इथेच आपण सगळे चुकतो. पंधरा मिनिटांना चारने गुणून तास होत नाही आणि एका तासाला आठने गुणून दिवस होत नाही. नऊ वाजता परत मोजायचं, अकराला परत मोजायचं. आम्ही तेच केलं. नऊला आकडा वाढला. अकराला निम्म्याहून खाली आला, आणि भावही खाली आला.

भाव का उतरतो? मेथीचा हिशोब

समजा एखाद्या मावशींनी आदल्या संध्याकाळी शंभर जुड्या मेथी ८ रुपयांनी घेतली. लागले ८०० रुपये. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या दिवसाचे टाका.

सकाळी ६० जुड्या १५ रुपयांनी गेल्या: ९०० रुपये.
दहानंतर २५ जुड्या १० रुपयांनी: २५० रुपये.
उठायच्या वेळी १० जुड्या ५ रुपयांनी: ५० रुपये.
५ जुड्या पिवळ्या पडल्या: शून्य.

एकूण १,२०० रुपये. खरेदी वजा केली की ४०० उरले. त्यातून टेम्पोचा वाटा १०० आणि चहा-पिशव्यांचे ५० काढा. हातात २५० रुपये.

आता बघा, "मेथी काय भाव?" असं विचारलं तर मावशी १५ सांगतात. आपण घरी बसून गणित करतो: १५ वजा ८, म्हणजे ७ रुपये सुटतात, शंभर जुड्यांचे ७०० रुपये. पण दिवसाचा खरा सरासरी भाव १२ पडला, आणि हातात २५० आले. माझ्याकडे येणाऱ्या नव्या उद्योजकांच्या दहापैकी आठ बिझनेस प्लॅनमध्ये हीच चूक असते. सगळा माल पहिल्या भावाने विकला जाणार, हे गृहीत धरलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, "सर, आठशेवर अडीचशे म्हणजे भारीच की! एका दिवसात तीस टक्के!" पण आदल्या संध्याकाळच्या लिलावापासून दुसऱ्या दुपारपर्यंतचे तास मोजा. जुड्या निवडणं, पाणी मारणं, झाकून ठेवणं, पहाटे उठणं. ती मजुरी या २५० मध्येच आहे, वेगळी नाही. आणि समजा ते ८०० रुपये स्वतःचे नसतील, कुणाकडून सकाळी ९०० घेऊन संध्याकाळी १,००० परत करायचे असतील, तर २५० मधले १०० तिथेच गेले. भांडवल छोटं असलं म्हणजे स्वस्त असतं असं नाही. कधीकधी सगळ्यात महाग पैसा सगळ्यात छोट्या माणसाला मिळतो.

याच कारणासाठी केंद्र सरकारने १ जून २०२० रोजी पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना सुरू केली. तारण न ठेवता कर्ज, वेळेवर फेडलं तर पुढचा मोठा हप्ता आणि व्याजात ७ टक्के सवलत. सुरुवातीला पहिलं कर्ज १० हजारांचं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेत बदल झाला. आता टप्पे १५ हजार, २५ हजार आणि ५० हजार असे आहेत आणि मुदत मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे. तुमच्या ओळखीत कोणी पथारीवर बसत असेल तर त्यांना हे नक्की सांगा.

भोगीच्या भाजीचा वाटा

आता त्या सकाळची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. भोगी मंगळवारी होती. आपल्याकडे भोगीला मिसळीची भाजी लागते: वाल, गाजर, वांगं, हरभरा, वाटाणा, बोरं, उसाचे करवे. घरातल्या चौघांसाठी हे सगळं पाव-पाव किलो घ्यायचं म्हटलं तर पिशवी भरते, पैसे जातात आणि अर्धं उरतं.

मावशींनी काय केलं होतं? सगळ्यातलं थोडं थोडं घालून तयार वाटे मांडले होते. तीस रुपयांना एक वाटा. वजन नाही, घासाघीस नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. बारीक राहिलेली गाजरं, सुट्या शेंगा, एरवी कोणी उचललं नसतं असं सगळं त्या वाट्यात सन्मानाने बसलं होतं. गिऱ्हाइकाची सोय झाली आणि मावशींचा माल संपला. मोठ्या कंपन्या याला कॉम्बो पॅक म्हणतात. मावशी वाटा म्हणतात.

आम्ही दोन वाटे घेतले आणि मगच बोललो. ताईंनी विचारलं, "मावशी, हे वाटे कधीपासून करता?"

"पहिल्यापास्नंच. बाया इचारायच्या, थोडं थोडं द्याल का. रोज रोज पाव किलोचं माप मोडून कोण देणार? मग वाटेच लावले."

बघा, नवीन प्रॉडक्ट कुठून आलं? गिऱ्हाईक वारंवार काय मागत होतं, तिथून.

आणि त्याच वेळी ताईंनी एक गोष्ट टिपली, जी माझ्याही लक्षात आली नव्हती. तासाभरात तीन बायकांनी त्या मावशींना विचारलं, "तिळाचं कूट कुठे मिळेल हो?" मावशींनी तिन्ही वेळा हात लांबवून गावातलं किराणा दुकान दाखवलं. ताईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: तिळाचं कूट, ३. त्या "३" चं पुढे काय झालं ते सांगतो.

तिसरा थांबा: गणेशवाडीची मंडई

घाटावरून पुढे गणेशवाडीकडे गेलात की महापालिकेने भाजीविक्रेत्यांसाठी बांधलेली मंडई दिसते. पक्कं बांधकाम, डोक्यावर छत. पण वर्षानुवर्षं विक्रेते तिथे जायला तयार झाले नाहीत. ते उन्हातान्हात घाटावरच बसत राहिले आणि मंडई ओस पडून राहिली. नाशिककरांनी यावर बातम्या खूप वाचल्यात. आपण राजकारण बाजूला ठेवू आणि धंद्याच्या डोळ्याने बघू.

महापालिकेची बाजू चुकीची नाही. घाट मोकळा हवा, रहदारी सुरळीत हवी, नदीपात्रालगत पथाऱ्या नकोत. विक्रेत्यांची बाजूही समजून घ्या. गिऱ्हाईक रामकुंडावरून, पुलावरून ज्या वाटेने घरी जातं, त्या वाटेवर भाजी दिसली तर घेतं. चार पावलं वळून आत यावं लागलं तर "उद्या बघू" म्हणतं. त्यात एकटा आत गेलो आणि बाकीचे बाहेरच राहिले, तर माझा धंदा बुडाला. म्हणून कोणीच आधी जात नाही.

ताई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, माझा गाळा पण आतल्या बाजूला आहे. मेन रोडवरून दिसत नाही. म्हणूनच बारा हजारात मिळतोय."

मी काहीच बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.

उघड्यावरच्या जागेची पण किंमत असते

आता कोणी म्हणेल, चला तर मग, उद्यापासून आपण पण पथारी टाकू, भाडं शून्य! थांबा मित्रांनो.

नदीकडे बघा. पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. ४ ऑगस्ट २०१९, रविवारच होता, गोदावरीला मोठा पूर आला होता. १९ सप्टेंबर २००८ चा पूर तर अजून अनेकांना आठवतो. अशा वेळी घाट तर जातोच, पाणी सराफ बाजार, भांडी बाजाराकडेही चढतं. उघड्यावर बसणाऱ्याला भाडं नसतं, पण पाऊस, पूर आणि ऊन यांचा खर्च त्याच्याच खिशातून जातो.

शिवाय ती जागा "मोकळी" नसते. तुम्हाला रिकामी दिसणारी चार फूट जागा कोणीतरी वीस वर्षं बसून कमावलेली असते. आणि कायदा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रीचं प्रमाणपत्र लागतं. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असायला हव्यात. रस्त्यावर धंदा करायचा असेल तर आधी महापालिकेत जाऊन चौकशी करा. वजनकाटा वापरणार असाल तर वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळणी करून त्यावर मुद्रा घ्यावी लागते, आणि ती मुदतीत परत करून घ्यावी लागते. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नपदार्थाची नोंदणी. या गोष्टी सुरुवातीलाच केल्या की रात्री झोप लागते.

चौथा थांबा: भांडी बाजार आणि फुलबाजार

रामसेतूवरून परत गावाच्या बाजूला या. चढ चढलात की भांडी बाजार, सराफ बाजार. सकाळी बरीच शटर खाली असतील. तरी हा भाग मुद्दाम बघायचा, कारण घाटाच्या अगदी उलटा धंदा इथे आहे.

तांब्या-पितळेची भांडी वजनावर विकली जातात, वर घडणावळ. जुनं भांडं मोडीत देऊन नवीन नेता येतं. इथलं गिऱ्हाईक लग्नाला, रुखवताला, दिवाळीला येतं. म्हणजे एक घर वर्षा-दोन वर्षांतून एकदा. माल खराब होत नाही, पण पैसा मालात अडकून बसतो. मेथीवाल्या मावशींचे ८०० रुपये दुसऱ्या दिवशी मोकळे होतात. पितळी घंगाळ्यात घातलेले पैसे मोकळे व्हायला दोन वर्षंही लागू शकतात. म्हणून एका जुडीवर सुटणारे चार रुपये आणि एका घंगाळ्यावर सुटणारे आठशे रुपये यांची थेट तुलना करायची नसते. पैसा वर्षात किती वेळा फिरतो, ते बघायचं असतं.

जवळच फुलबाजार आहे. तिथे वेळेचा खेळ आणखी कडक. दसऱ्याच्या सकाळी झेंडूला जो भाव असतो, तो संध्याकाळी कुठे जातो, हे तुम्ही रस्त्यावर पडलेल्या ढिगांवरून पाहिलंच असेल.

वहीत लिहा: माझा माल किती दिवस टिकतो? माझं गिऱ्हाईक किती दिवसांनी परत येतं? ताईंचा मसाला चार-सहा महिने टिकतो, आणि पाव किलो मसाला एका घराला महिनाभर पुरतो. म्हणजे त्यांचा धंदा मेथी आणि घंगाळं यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

विक्रेत्यांशी कसं बोलायचं?

हे नीट वाचा, कारण इथे आपली मुलं फार चुका करतात.

आधी काहीतरी विकत घ्या. दहा-वीस रुपयांचं का होईना. गर्दीच्या वेळी प्रश्न विचारू नका. गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हा. "तुम्ही किती कमावता?" हा प्रश्न कधीही विचारायचा नाही. तुम्हाला कोणी विचारलं तर आवडेल का? त्याऐवजी विचारा: "घरून किती वाजता निघालात?" "उरलेल्या मालाचं काय करता?" "कोणत्या दिवशी जास्त जातं?" न विचारता व्हिडिओ काढू नका. आणि घासाघीस करून पाच रुपये वाचवले म्हणून खूश होऊ नका. त्या दिवशी तुम्ही विद्यार्थी आहात, ती फी समजा.

मिसळीच्या टेबलावरचा हिशोब

रविवार सकाळ आणि नाशिक म्हटल्यावर मिसळ आलीच. साडेअकराला बसलो आणि ताईंनी वही उघडली. मी फक्त प्रश्न विचारले, गणित त्यांनी केलं.

गाळ्याचं भाडं १२,००० रुपये. तीस दिवसांनी भागलं, रोजचे ४०० रुपये. त्यांच्या २० रुपयांच्या छोट्या पाकिटाला सगळा खर्च ११ रुपये येतो, सुटतात ९ रुपये. ४०० भागिले ९, म्हणजे जवळजवळ ४५ पाकिटं. रोज ४५ पाकिटं विकली तर फक्त भाडं निघणार. वीजबिल नाही, ताईंचा पगार नाही, तारण ठेवलेल्या पाटल्यांचं व्याज नाही.

"आता त्या गाळ्यासमोर मोजायला लागेल," त्या स्वतःच म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी टोकन दिलं नाही. सकाळी दहा ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते सात तिथे उभ्या राहिल्या. सकाळी ३८ माणसं, संध्याकाळी ५२. सरासरी ४५ धरा, आठ तासांत ३६० माणसं. दहातलं एक माणूस आत आलं आणि त्याने एक पाकीट घेतलं, असं उदार मनाने धरलं तरी ३६ पाकिटं. ३६ गुणिले ९, म्हणजे ३२४ रुपये. रोज ७६ रुपये खिशातून.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. गिऱ्हाइकाने शंभर रुपयांचं मोठं पाकीट घेतलं तर हे गणित बदलेल. फोनवर ऑर्डर आल्या तर बदलेल. गाळा म्हणजे वाईटच, असं मला म्हणायचं नाही. पण हे आकडे हातात घेऊन गाळ्याच्या मालकासमोर बसणं वेगळं आणि "भरपूर माणसं जातात" म्हणून बसणं वेगळं.

आणि ते तिळाचं कूट? रविवारी संध्याकाळी ताईंनी तीळ भाजून ४० छोटी पाकिटं केली. भोगीच्या भाजीला लागेल एवढं कूट आणि सोबत काळ्या मसाल्याची पुडी. २० रुपये. सोसायटीत आणि भिशीच्या ग्रुपवर सांगितलं. मंगळवारी सकाळपर्यंत ३१ पाकिटं गेली. ६२० रुपये आले, खर्च ४४० झाला होता. १८० रुपये सुटले आणि ९ पाकिटं घरात राहिली.

त्यांचा फोन आला. आवाज थोडा पडलेला. "सर, एकशे ऐंशीच."

मी म्हटलं, "ताई, पाटल्या कुठे आहेत?"

"हातात आहेत."

"मग झालं तर. आता ३१ कोणी घेतली आणि ९ का राहिली, ते लिहून ठेवा."

सध्या त्या दर महिन्याला एका सणाचं किंवा मोसमाचं पाकीट काढतात आणि गाळा शोधणं थांबवलेलं नाही. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका जागेसमोर त्या तीन दिवस मोजून आल्या. ती जागाही त्यांना पटली नाही. तो निर्णय त्यांनी मला न विचारता घेतला, याचा मला जास्त आनंद झाला.

आता तुमचं काम

पुढच्या रविवारी सकाळी सात ते अकरा. नाशिकमध्ये असाल तर गोदाघाट, दुसरीकडे असाल तर तुमच्या गावाचा आठवडे बाजार. घरी येताना वहीत हे पाच आकडे हवेत:

१. एका पथारीसमोरून पंधरा मिनिटांत गेलेली, भाव विचारलेली आणि खरेदी केलेली माणसं. तीन वेगवेगळ्या वेळी मोजलेली.
२. एकाच मालाचा सात, नऊ आणि अकरा वाजताचा भाव.
३. गिऱ्हाइकांनी मागितली पण तिथे मिळाली नाही, अशी वस्तू आणि ती किती वेळा मागितली.
४. तुमच्या मालावर एका नगामागे खरोखर सुटणारे रुपये, उरलेला माल धरून.
५. तुम्ही बघितलेल्या जागेचं रोजचं भाडं भागिले चौथा आकडा. म्हणजे फक्त भाड्यासाठी रोज विकावे लागणारे नग.

पाचवा आकडा लिहून झाला की त्या जागेसमोर जाऊन उभे राहा आणि मोजा. दोन दिवस लागतील. डिपॉझिट देऊन झाल्यावर हेच कळायला मला अकरा महिने लागले होते.

आणि हो, घाटावर गेलात तर येताना भाजी घेऊन या. घरचे पण खूश होतील.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत मोजत राहा.